गेरू, हळद आणि उरलेला प्रकाश : एक प्रस्तावना

वाशिमच्या आसपास उन्हाळ्यात एखाद्या शेतात विहिरीचे काम निघाले, की काठावर पडत जाणारे मातीचे ढीग पाहण्यासाठी मी आजवर अनेकदा वाट वाकडी केली आहे. वर तीन-चार हात काळी माती. तिच्याखाली चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेला राखट थर. मग पिवळा मुरूम. त्याखाली छिद्राछिद्रांचा तो खडक, ज्याला विहीर खणणारी माणसे मांजऱ्या म्हणतात आणि ज्याच्या पोकळ्यांतून कधी पांढरे स्फटिक तर कधी शेवाळासारखा हिरवा लेप निघतो. क्वचित दोन खडकांच्या मध्ये दबलेला, विटेसारखा तांबडा गेरूचा पट्टा. आणि सर्वांत खाली, पहार लागताच खणखणणारा काळा पाषाण. एकाच खड्ड्यातून निघालेले हे काळे, पांढरे, पिवळे, हिरवे आणि तांबडे ढीग शेजारी शेजारी पडलेले पाहिले, म्हणजे वस्तूंना रंग कशामुळे येतो हा प्रश्न पाठ्यपुस्तकात मावेनासा होतो. रसायनशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले, आणि विद्यार्थ्यांनी मला विचारलेल्या प्रश्नांत हाच प्रश्न वरकरणी सर्वांत सोपा आणि विचार करू जाता सर्वांत दूरवर नेणारा ठरला. प्रस्तुत पुस्तक त्याच्या उत्तरासाठी लिहिले आहे, आणि ते विहिरीच्या काठावरूनच सुरू करावे असे मला मनापासून वाटते.

दख्खनचे हे लाव्हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेले. या खडकात वजनाने साधारण दशांश किंवा त्याहून काहीसे अधिक लोहाचे ऑक्साइड असते, आणि वर सांगितलेल्या ढिगांपैकी पांढरा वगळला तर उरलेल्या साऱ्यांच्या रंगात या एका मूलद्रव्याचा हात आहे. पिवळ्या मुरमातले लोह पाण्याचा अंश आपल्या घडणीत बांधून बसलेले असते. त्या खनिजाचे नाव गोएथाइट. ते तापवले म्हणजे तो पाण्याचा अंश उडून जातो आणि मागे उरते ते हेमॅटाइट, म्हणजे गेरूचा तांबडा जीव. लाव्ह्याचा एक थर थिजून त्याच्या पृष्ठावर हवापाण्याने माती तयार झाल्यावर दुसरा तापलेला थर येऊन तिच्यावर पसरला, तेव्हा ती माती जागच्या जागी भाजून निघाली. विहिरीतला गेरूचा पट्टा बहुधा असाच घडला. आपले वीटभट्टीवाले आणि कुंभार हीच क्रिया दरसाल करून दाखवतात, आणि कुंभार तर त्याच्याही पुढे जातो. कारण भट्टीत हवा खेळती ठेवली तर मडके तांबडे निघते, पण धूर कोंडून हवा तोडली तर त्याच मातीचे मडके काळे होते, ऑक्सिजनाअभावी लोहाची अवस्था पालटते आणि धुराची काजळी मातीच्या छिद्रांत जाऊन बसते. काळ्या मातीच्या काळेपणाविषयी मात्र एक समजूत दुरुस्त केली पाहिजे. ती काळी आहे म्हणून तिच्यात सेंद्रिय कर्ब विपुल आहे असे पुष्कळजण धरून चालतात. वस्तुतः आपल्याकडच्या बहुतेक शेतांत तो शेकडा एकाच्याही आत असतो. चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसलेला हा थोडासाच पण गडद सेंद्रिय अंश, आणि त्याच्या जोडीला लोह व टायटॅनियम यांच्या खनिजांचे काळे कण, अशी ती सामाईक करणी आहे. काळी माती सुपीक आहे खरी, पण ती रंगामुळे नव्हे, आणि रंग पाहून खताचा हिशेब करणाऱ्या शेतकऱ्याची त्यात फसगत होते.

या विषयावर बोलण्याचा वाशिमला एक जुना हक्कही आहे. हे गाव म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, सर्वसेनाने स्थापिलेल्या वाकाटक शाखेची राजधानी. १९३९ साली येथे सापडलेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटाने त्या शाखेचा इतिहास उजेडात आणला, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ या ग्रंथात तो मराठी वाचकांपुढे सविस्तर मांडला. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातल्या याच वत्सगुल्मात लावून दिला आहे. पुढे अकबराच्या दप्तरात हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे म्हणून नोंदले गेले, इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचे ठिकाण झाले, १९०५ मध्ये तो दर्जा जाऊन अकोल्यात विलीन झाले, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झाले. परंतु माझ्या विषयाच्या दृष्टीने या साऱ्या स्थित्यंतरांहून महत्त्वाची गोष्ट ही, की पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात येथून राज्य करणाऱ्या हरिषेणाच्या वराहदेव नामक सचिवाने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले आणि तेथे आपला शिलालेख ठेवला. अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांतल्या भिंती ज्या रंगांनी बोलतात ते रंग आता पृथक्करणाने पुरते ओळखले गेले आहेत: तांबडा आणि पिवळा तो गेरू व पिवळी माती, हिरवा तो मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत मिळणाऱ्या सेलॅडोनाइटसारख्या हिरव्या मातीचा, पांढरा चुना, शाडूसारखी पांढरी माती व जिप्सम यांचा, काळा काजळीचा. म्हणजे वत्सगुल्माच्या पायाखाली जो खडक आहे तोच अजिंठ्याच्या डोंगरात आहे, आणि चित्रकारांच्या पात्रांतले बहुतेक रंग त्याच खडकाचे होते. परका होता तो एक निळा. तो लाजवर्द या रत्नाचे चूर्ण करून केलेला असे, आणि लाजवर्दाची खाण अफगाणिस्तानातल्या बदख्शान मुलखात. इतक्या दुरून, काफिल्यांच्या पाठीवरून, मूठ मूठ आणलेला हा निळा रंग त्या चित्रांत किती जपून वापरला आहे हे पाहिले, की स्थानिक गेरूची उधळण आणि निळ्याची काटकसर यांतून त्या काळच्या व्यापाराचा एक जमाखर्चच वाचता येतो. दीड हजार वर्षे लोटली तरी हे खनिज रंग फारसे ढळलेले नाहीत. उलट अलीकडच्या काळात जपणुकीच्या सद्हेतूने त्यांच्यावर चढवलेले लाखेचे रोगण मात्र पिवळसर तपकिरी होऊन त्यांनाच झाकोळून बसले. खनिज टिकते आणि सेंद्रिय पदार्थ जुना होतो, हा भेद का पडतो हेही पुढील प्रकरणांत येईल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सूर्याचा पांढरा प्रकाश पदार्थावर पडतो, त्यातला काही भाग पदार्थ ठेवून घेतो, आणि जो उरतो तो आपल्या डोळ्यांकडे परत येतो. पदार्थाचा रंग म्हणजे ही शिल्लक होय. हळद पिवळी दिसते याचा अर्थ तिने जांभळा आणि निळा प्रकाश खर्ची टाकला. जी वस्तू सर्व काही ठेवून घेते ती काळी, जी सर्व काही परत करते ती पांढरी. इतके सांगून थांबले तर मात्र काहीच सांगितले नाही, कारण खरा प्रश्न असा आहे की पदार्थ नेमका तोच भाग का ठेवून घेतो. दृश्य प्रकाशाच्या लहरींची लांबी जांभळ्या टोकाला सुमारे ४०० आणि तांबड्या टोकाला सुमारे ७०० नॅनोमीटर असते. एका मिलिमीटरात असे दहा लक्ष नॅनोमीटर मावतात. लहर जितकी आखूड तितकी तिच्या प्रत्येक कणाची ऊर्जा अधिक, म्हणून जांभळ्या प्रकाशाचा कण तांबड्याच्या जवळजवळ पावणेदोन पट ऊर्जा वाहून आणतो. पदार्थातील इलेक्ट्रॉन वाटेल त्या ऊर्जेवर राहू शकत नाहीत. त्यांच्यासाठी ठरावीक पायऱ्या असतात आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये पाय ठेवायला जागा नसते. एका पायरीवरून वरच्या पायरीवर जाण्यास जितकी ऊर्जा लागते तंतोतंत तितकी घेऊन आलेला प्रकाशकणच शोषला जातो, बाकीचे जसेच्या तसे मार्गस्थ होतात. मीठ, साखर, पाणी, कापसातला सेल्युलोज, अशा असंख्य पदार्थांत इलेक्ट्रॉन इतके घट्ट बांधलेले असतात की त्यांची पहिली पायरीच फार उंच पडते. ती चढण्यास अतिनील प्रकाश लागतो, आणि दृश्य प्रकाशाला तेथे कोणी हात लावत नाही. म्हणूनच वर्णहीनता हा पदार्थांचा सर्वसाधारण स्वभाव आहे आणि रंग हा अपवाद आहे. कारंज्याच्या बाजारात उतरणारा कापूस पांढरा दिसतो तो त्याच्यात पांढरा रंग आहे म्हणून नव्हे. तंतू आणि तंतूंमधली हवा यांच्या असंख्य सीमांवर प्रकाश इकडेतिकडे फेकला जातो म्हणून. रंगहीन काच कुटून तिची पूड केली तर तीही पांढरी दिसते, ती याच कारणाने.

रंगाला अनुकूल अशी ठेंगणी पायरी निर्माण होण्याच्या वाटा अनेक आहेत. त्यांतली एक समजण्यासाठी मंगरुळपीर किंवा मानोऱ्याकडच्या संत्र्याच्या बागेत जावे. तेथे बुरशी आवरण्यासाठी बोर्डो मिश्रण करतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचुदाचा तो सुंदर निळा खडा तव्यावर तापवून पाहा. निळाई ओसरत जाऊन शेवटी पांढरी भुकटी उरेल, आणि तिच्यावर पाण्याचा एक थेंब पडताच ती पुन्हा निळी होईल. तांबे तेवढेच आहे, गंधकाम्लाचा अंश तेवढाच आहे. गेले आणि आले ते फक्त पाणी. तांब्याच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू दाटीने बसतात तेव्हा त्याच्या काही इलेक्ट्रॉनांच्या एरवी समान असलेल्या पातळ्या दुभंगतात, त्यांच्यात एक बेताचे अंतर पडते, आणि ते अंतर तांबड्या प्रकाशाच्या ऊर्जेइतके भरते. तांबडा वजा झाला की शिल्लक निळी. शेजाऱ्यांमुळे पातळ्या दुभंगतात हा विचार हान्स बेथे या शास्त्रज्ञाने १९२९ साली स्फटिकांच्या संदर्भात मांडला, आणि त्याने माणिक व पाचू यांचे जुने कोडे सुटले. या दोन्ही रत्नांना रंग देणारे मूलद्रव्य एकच, क्रोमियम, आणि तेही शेकडा एकाच्या आसपास. माणकात त्याच्याभोवतीचे ऑक्सिजन अणू अधिक जोराने दाबतात, अंतर मोठे होते, हिरवा-पिवळा प्रकाश गिळला जातो आणि तांबडा सुटतो. पाचूत हा दाब किंचित सैल, अंतर थोडे कमी, तांबडाच गिळला जातो आणि हिरवा सुटतो. रत्नपारख्यांनी ज्या दोघांना भिन्न ग्रहांच्या स्वाधीन केले त्यांच्यातला भेद एवढाच आहे.

लोहाच्या घरी आणखी एक प्रकार घडतो. तेथे इलेक्ट्रॉन एकाच अणूत पायरी चढत नाही, तर प्रकाशाची ऊर्जा घेऊन शेजाऱ्याच्या घरी जातो. गेरूत तो ऑक्सिजनाकडून फेरिक लोहाकडे सरकतो आणि जवळजवळच्या लोह-आयनांची जोडी एकदमच ऊर्जा उचलते. निळा आणि हिरवा असे दोन्ही प्रकाश त्यात खर्ची पडतात. पिवळ्या मातीत हीच क्रिया हिरव्यापर्यंत पुरती पोहोचत नाही, म्हणून शिल्लक पिवळी राहते. हिरव्या मातीत फेरस आणि फेरिक असे दोन्ही अवस्थांतले लोह शेजारी राहते आणि एकाचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जाताना तांबडा प्रकाश घेऊन जातो. मॅग्नेटाइटात तर ही ये-जा इतकी मोकळी असते की कोणत्याही ऊर्जेचा प्रकाश तिला चालतो, आणि खनिज काळे दिसते. विहिरीच्या काठावरच्या ढिगांची कैफियत एवढ्या चार वाक्यांत येते. ती शोधायला मात्र माणसाला विसावे शतक उजाडावे लागले.

लाजवर्दाच्या निळ्या रंगात धातूचा संबंधच नाही. त्याच्या स्फटिकाच्या पिंजऱ्यात गंधकाचे तीन-तीन अणू एक जादा इलेक्ट्रॉन घेऊन कोंडलेले असतात; मोकळेपणी पिवळा असणारा गंधक त्या कोंडणीत नारिंगी प्रकाश शोषून निळा दिसू लागतो. १८२० ते १८३० या दशकात फ्रान्समध्ये गिमे याने चिकणमाती, सोडा आणि गंधक भाजून हेच द्रव्य कृत्रिम रीतीने बनवले, आणि बदख्शानच्या खाणीची सत्ता संपली. वाचकांपैकी वडीलधाऱ्यांनी हे द्रव्य हाताळलेले आहे, कारण धुतलेल्या धोतराला दिली जाणारी आणि चुन्यात कालवून भिंतीला लावली जाणारी नीळ ती हीच. वापराने कापूस पिवळसर होतो, म्हणजे तो निळा प्रकाश गिळू लागतो. निळीची पूड उलट बाजूचा पिवळा-नारिंगी प्रकाश गिळते, दोन्हीकडची वजावट सारखी होते, आणि डोळा त्या कपड्याला पांढराशुभ्र म्हणतो. एकेकाळी राजाच्या सचिवाने लेण्यासाठी दूरदेशाहून आणवलेला रंग आमच्या आज्यांनी पुडीतून बादलीत सोडला, ही गोष्ट मला विज्ञानाच्या इतिहासातली मोठी हृद्य गोष्ट वाटते.

ही नीळ आणि रोपापासून होणारी नीळ यांचे नाव एक असले तरी रसायन सर्वस्वी वेगळे. नावांचा हा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: मराठीने रंगांना बहुधा पदार्थांचीच नावे दिली. तांब्यावरून तांबडा, निळीवरून निळा, तपकिरीवरून तपकिरी. शेंदरी, डाळिंबी, आमसुली, बदामी, राखी, गव्हाळ, अबोली. रंग हा कोठूनतरी येऊन वस्तूला चिकटतो असे न मानता तो वस्तूच्या अंगचाच धरण्याची ही रीत रसायनाच्या विद्यार्थ्याला मोठी सोयीची आहे. कुसुंबी हा शब्द आता फक्त जुन्या गीतांत उरला. पण कुसुंभ म्हणजे आपली करडई, जिची शेते वऱ्हाडात रब्बीला डोलत असत आणि हल्ली फारशी दिसत नाहीत. तिच्या पिवळ्या पाकळ्या सुकताना तांबूस होत जातात, आणि त्या तांबूसपणातच कार्थामिन हे जुन्या रंगाऱ्यांचे मोलाचे द्रव्य असते.

वनस्पतींच्या रंगांची वाट पुन्हा निराळी आहे, आणि तिचे उत्तम उदाहरण रिसोडकडच्या हळदीच्या वाफ्यात आहे. हळदीतला करक्युमिन हा रेणू म्हणजे दोन वलये आणि त्यांना जोडणारी कार्बनची साखळी, जिच्यात एकेरी आणि दुहेरी बंध एकाआड एक येतात. अशा साखळीत काही इलेक्ट्रॉन एका बंधापुरते बांधलेले न राहता साखळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरतात. नागपंचमीला उंच फांदीला लांब दोराने टांगलेला झोका संथ जातो आणि आखूड दोराचा झोका भरभर. तद्वत साखळी जितकी लांब तितकी इलेक्ट्रॉनाला वर चढण्यास ऊर्जा कमी लागते, आणि शोषण अतिनीलातून सरकत जांभळ्यात, निळ्यात, हिरव्यात येते. करक्युमिनचे शोषण ४२५ नॅनोमीटरच्या आसपास पडते, म्हणून हळद पिवळी. तिच्यात चुन्याची निवळी घातली की रेणूवरचा एक हायड्रोजन आयन सुटतो, इलेक्ट्रॉनांचा पसारा आणखी सैल होतो, शोषण हिरव्याकडे सरकते आणि हळद लाल होते. लिंबू पिळले की पुन्हा पिवळी. हळदीच्या डागावर साबण लागताच तो लाल का होतो, या प्रत्येक घरातल्या प्रश्नाचे उत्तर हेच. जुन्या पद्धतीने कुंकू करताना हळकुंडांना लिंबाचा रस, तुरटी आणि टाकणखार देत असत. टाकणखारातील बोरॉन आम्लाच्या सान्निध्यात दोन करक्युमिन रेणूंना एकत्र बांधून गडद तांबडे संयुग घडवतो. रसायनशाळेत बोरॉन ओळखण्यासाठी हळदीचा कागद वापरतात तो याच गुणावर विसंबून. ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या घरी कुंकू केले त्यांच्या हातून ही कसोटी नित्य होत होती, आणि तिची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. पोहरादेवीच्या बाजूच्या माळांवर फाल्गुनात पेटणाऱ्या पळसाच्या फुलांचे पाणी होळीला करताना त्यात चिमूटभर चुना किंवा पापडखार टाकण्याची रीत आहे. त्याने रंग गडद होतो, आणि कारण पुन्हा तेच.

रंगांच्या व्यवहारात जिंकलेल्यांच्या बरोबरीने हरलेलेही आहेत, आणि त्यांना वगळून हा विषय सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. वऱ्हाडात व मध्य प्रांतांत एकेकाळी आलीची लागवड होत असे. काळ्या मातीत खोल गेलेली तिची मुळे तीन-चार वर्षांनी खणून काढीत, आणि तुरटीत भिजवलेल्या सुती कापडाला त्या मुळांचा पक्का लाल रंग देत. तुरटीतील अॅल्युमिनियम एका हाताने रंगाचा रेणू आणि दुसऱ्या हाताने कापसाचा तंतू धरतो, म्हणून तो रंग धुण्याने जात नाही. आलवण हा शब्द मराठीत त्या लाल वस्त्राची, आणि ते ज्यांच्यावर लादले गेले त्या विधवांची, आठवण करून देतो. १८५६ मध्ये लंडनला पर्किनच्या हातून पहिला कृत्रिम जांभळा रंग योगायोगाने निपजला, १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठवर्गातील मुळांचे मुख्य लाल द्रव्य, अॅलिझरिन, डांबरातून काढलेल्या पदार्थापासून घडवले, आणि काही दशकांतच आलीची शेती निरर्थक झाली. निळीचेही तेच झाले: बायरने तिचा रेणू उलगडला आणि १८९७ मध्ये कारखान्याची नीळ बाजारात आली. बंजारा स्त्रियांच्या फेटिया-काचळीवरचे लाल आणि निळे धागे मग झाडांऐवजी कारखान्यांतून येऊ लागले. त्या रंगांचे रसायन आपल्या देशात पुढे ज्यांनी जगाला शिकवावे इतके आत्मसात केले ते कृष्णस्वामी वेंकटरामन होत. मुंबईच्या रासायनिक तंत्रशास्त्र विभागाचे ते पहिले भारतीय संचालक, आणि १९५२ साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेला त्यांचा कृत्रिम रंगद्रव्यांवरील ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला. ज्या देशाच्या रंगशेतीला परदेशी प्रयोगशाळांनी संपवले त्या देशातला हा ग्रंथ आहे, याचे मोल मला फार वाटते.

हे ज्ञान केवळ कौतुकापुरते नाही. जुलै-ऑगस्टात पावसाची झड लागली, की चुनखडीच्या रानातले सोयाबीन पिवळे पडू लागते. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट. जमिनीत लोह रग्गड असते, विहिरीचा गेरू त्याची साक्ष देतो; पण चुनखडीमुळे विम्लता वाढलेल्या त्या मातीत ते विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसते, त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. तथापि तो रेणू बांधण्याच्या कामी लोहावाचून चालत नाही, म्हणून लोह तुटले की हिरवा रंगच तयार होत नाही. हिराकशीची, म्हणजे फेरस सल्फेटची, फवारणी केली की पाने पुन्हा हिरवी धरतात. पण हाच पिवळेपणा पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूचाही असू शकतो. त्यात पानांवर पिवळे-हिरवे ठिपके विखुरलेले दिसतात आणि हिराकशीचा तेथे काही उपयोग नाही. पानाचा रंग नीट वाचता आला तर औषधाचा खर्च वाचतो, आणि कधीकधी हंगामही.

सर्वच रंग इलेक्ट्रॉनांच्या पायऱ्यांनी होत नाहीत, हेही येथेच सांगून ठेवतो. आकाशाची निळाई प्रकाशाच्या विखुरण्याची. मोरपिसाची झळाळी पिसातल्या सूक्ष्म रचनेची, म्हणून पीस कुटले की ती नाहीशी होते. १९२१ साली युरोपातून परतताना बोटीवरून समुद्राच्या निळ्या पाण्याकडे पाहत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी जो विचार सुरू केला तो २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधापर्यंत पोहोचला. त्याला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. आपल्या शेजारचे लोणार सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले तेव्हा भयचकित झालेली माणसे मी पाहिली. पाणी आटून खारटपणा वाढला होता, आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी आपली कॅरोटीनवर्गी रंगद्रव्ये त्या पाण्यात पसरवली होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हे स्पष्ट केले. गाजराला जी लांब साखळी रंग देते तिच्याच भावंडांनी लोणारला रंगवले.

या पुस्तकात सूत्रे आहेत, पण ती ओलांडूनही वाचता येईल अशी मांडणी केली आहे. परिभाषेच्या बाबतीत जो शब्द शेतात, बाजारात किंवा शाळेत चालतो तो मी घेतला. मोरचूद, हिराकस, टाकणखार हे शब्द टाकून देण्याचे मला काही कारण दिसले नाही, आणि इलेक्ट्रॉनला नवे नाव देण्याचेही दिसले नाही. वाचकाला माझी एकच विनंती आहे. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी मुरमाचे दोन पिवळे खडे घरी आणावेत, त्यांतला एक चुलीच्या निखाऱ्यात तासभर राहू द्यावा, आणि थंड झाल्यावर दोन्ही खडे या पुस्तकाशेजारी ठेवून वाचनास आरंभ करावा.